बॉनेटवरचे तीन ठोके

विम्याच्या दाव्यात माणसं किती प्रकारे खोटं बोलतात, यावर मला कुणी बोलायला बोलावलं तर मी दोन दिवस सलग बोलेन. उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं, हा पहिला प्रकार. म्हैस आडवी आली, हा दुसरा. आमच्या तालुक्यात दाव्यांच्या कागदावर जेवढ्या म्हशी आडव्या आल्या आहेत तेवढ्या गोठ्यांत नाहीत. तिसरा म्हणजे गाडी मेहुणा चालवत होता, कारण लायसन मेहुण्याकडे असतं. मी मयूरी जोतीराम लोहार, वाहनविम्याची सर्व्हेयर. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या आमच्या गावात कुणाची गाडी आपटली की विमा कंपनी मला पाठवते. मी नुकसान बघते, अहवाल लिहिते, आणि त्यावर दावा मंजूर होतो किंवा फेटाळला जातो. अकरा वर्षांपैकी पहिली नऊ म्हशींवर विश्वास ठेवण्यात गेली. मग 'कान' आला.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. गॅरेजवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा 'कान' करून टाकला, आणि नाव चुकीचं नाही. इस्त्रीएवढं यंत्र. ते पत्र्यावर ठेवायचं आणि सावकाश फिरवायचं. पोलादाच्या आत डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक लोहचुंबक असतात. यंत्र त्यांना एकदा इकडे, एकदा तिकडे वळायला लावतं. वळताना ते अडखळतात आणि कुरकुर करतात. पत्रा जिथे मार खाऊन वाकलेला असतो तिथे आतली रचना गुंतलेली असते, म्हणून तिथली कुरकुर वेगळी. त्या कुरकुरीवरून यंत्र सांगतं की फटका कुठून आला, किती वेगाने आला आणि समोरची वस्तू टणक होती की मऊ.

लोकांना खरी भीती वाटावी ती पुढच्या गोष्टीची. पत्रा ठोकून सरळ केला तरी गुंता सुटत नाही. घडीच्या साडीला कितीही इस्त्री करा, उन्हात धरली की जुनी घडी दिसतेच, तसं आहे ते. जुन्या पोच्यावर नवा पोचा पडला तरी आधीचा पुसला जात नाही, खाली राहतो. शिवाय पोलादातले कार्बनचे कण महिनोन्‌महिने सरकत सरकत त्या गुंत्यापाशी जमा होतात. किती जमले ते मोजलं की फटका किती दिवसांपूर्वीचा हेही कळतं, आठवडाभर इकडे किंवा तिकडे.

माझे वडील डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्यांची त्रेचाळीस वर्षं गेली. आप्पांना वाचायला जेमतेम येतं, पण डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवला की सुईच्या टोकाएवढा उंचवटा त्यांना सापडतो. गेल्या खंडेनवमीला त्यांनी दुकानात नेहमीसारखे हातोडे, पत्र्यामागे टेकू धरायच्या डॉल्या, पान्हे मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाले, तुझं हत्यार बी ठेव. मी कान ठेवला. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसेने त्यांना यंत्र चालवून दाखवलं. दुकानात पडलेल्या एका जुन्या मडगार्डवर ते फिरवलं, तर पडद्यावर त्यांच्या हातोड्याचा प्रत्येक घाव उमटला. कडेपासून गोल गोल आत गेलेला, त्यांचा नेहमीचा. आणि शेवटी डाव्या कोपऱ्यात हलके तीन ठोके.

ते तीन ठोके म्हणजे सलाम. आप्पांचे गुरू इस्माईल उस्ताद यांची ती शिकवण. पत्र्याने आपला मार सोसला, म्हणून काम संपलं की हातोड्याच्या शेपटाने त्याला तीन ठोक्यांचा सलाम करायचा. उस्तादांचे बाकीचे शागीर्द पांगले, वारले. आता तो सलाम करणारे एकटे आप्पाच. मी दुसरं एक मडगार्ड तपासलं, तर त्यात घाव आप्पांचेच, पण सलाम नव्हता. मी विचारलं. ती गाडी चोरीची निघाली होती, काम अर्ध्यावर आल्यावर त्यांना कळलं होतं. चोरीच्या कामाला सलाम करायचा नाही, हाही उस्तादांचाच शब्द. मग आप्पांनी पडद्यावरच्या घावांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे आता पत्र्याम्होरं बी खोटं बोलायची सोय न्हाई," ते म्हणाले.

मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संग्राम चौगुलेचा दावा आला. चौगुले म्हणजे दुधाच्या दोन पिकअप, एक पेट्रोल पंप आणि गावात रस्त्याकडेची निम्मी जागा. आप्पांचं दुकान ज्या शेडमध्ये आहे ती शेडही त्याचीच. उभ्या ट्रॉलीवर पिकअप आदळली, बॉनेट गेलं, नवं मिळावं, असा दावा होता. गाडी एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये उभी होती. चौगुले स्वतः हजर, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सर्व्हेला मालक स्वतः येतो तेव्हा मी आधीच सावध होते.

कान बॉनेटवर ठेवला. ट्रॉलीचा फटका लगेच वाचता आला. टणक वस्तू, सरळ समोरून, वेग कमी, आणि वेग शेवटपर्यंत जराही उतरलेला नाही. म्हणजे ब्रेक लावलाच नव्हता. माणूस उभी ट्रॉली बघून सावकाश, नेम धरून तिच्यावर गेला होता. मी मनात म्हटलं, हा नवा प्रकार, यादीत घालायला हवा.

मग खालचा थर उमटला. जुना फटका, चार महिन्यांपूर्वीचा. मऊ वस्तू, रुंद, बॉनेटच्या पुढच्या कडेला खालून लागलेली आणि मग वर घसरत गेलेली. वेग ताशी पन्नासच्या आसपास. मला ते चित्र वाचायला शिकवलं होतं, प्रशिक्षणात त्याच्यासाठी वेगळा तास होता. म्हैस असती तर फटका वर आणि जड दिसला असता. कुत्रं असतं तर बंपरवरच राहिलं असतं. हे उभं माणूस होतं.

त्याच्यावर हातोड्याचे घाव होते, कडेपासून गोल गोल आत गेलेले. आणि डाव्या कोपऱ्यात हलके तीन.

चार महिने म्हणजे मार्च. मार्चमध्ये आमच्या गावच्या रस्त्यावर पहाटे एकाच माणसाला गाडीने उडवलं होतं, आणि ते माणूस कोण हे सगळ्या गावाला माहीत होतं. मगदूमबाई. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, निम्म्या गावाला बाराखडी त्यांनी शिकवली, मलाही. तपकिरी स्वेटर घालून रोज पहाटे फिरायला जायच्या. उडवणारा थांबला नाही. कमरेचं हाड मोडलं ते नीट सांधलं नाही, बाई अंथरुणाला खिळल्या. गाडी सापडली नाही, म्हणून पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात वाहन' एवढेच दोन शब्द राहिले. गाडीच माहीत नसेल तर दावा लावायचा कुणावर? त्यांचा मुलगा फाइल घेऊन दारोदार फिरत होता.

चौगुलेने माझा चेहरा वाचला असावा. तो जवळ आला आणि अगदी घरच्या माणसासारखं बोलला.

"मयूरीताई, पुढच्या महिन्यापासून पासिंगला बी हे यंत्र लावणारायत म्हणं. म्हणून म्हटलं, नवं बॉनेट टाकून घ्यावं. घरचीच सर्व्हेयर हाय, काळजी न्हाई. जोतीरामआप्पांचा हात हाय की त्यात. तेवढं ध्यानात ठेवा."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. गुपचूप नवं बॉनेट विकत घेतलं असतं तर या माणसाला जन्मात कुणी विचारलं नसतं. पण याला पाप पुसायचं होतं, तेही कंपनीच्या खर्चाने. आणि पुसायला त्याने मला निवडलं होतं. मी कागदावर त्याची सही घेतली आणि निघाले.

एकच गोष्ट घट्ट धरून बसले होते. सलाम होता. चोरीच्या कामाला आप्पा सलाम करत नाहीत, म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. वासरू-बिसरू सांगून त्याने त्यांना फसवलं होतं.

दुपारी कोल्हापूरच्या कचेरीत गेले. आमच्या व्यवस्थापक करंदीकर मॅडम हुशार बाई आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. मी दोन्ही थर दाखवले. हातोड्याबद्दल काही बोलले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे सांगितलं की अहवालात 'आधीचे नुकसान लपवले' एवढंच लिहायचं. दावा फेटाळला जाईल, विषय संपेल. दुसऱ्या थराचा कागद जोडायचा नाही.

मी म्हटलं, मॅडम, ते माणूस आहे. कोण आहे तेही मला माहीत आहे.

"मयूरी, त्या पिकअपचा विमा आपल्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "गाडी अज्ञात आहे तोवर त्या बाईंची भरपाई आपल्यावर येत नाही. तू तिला नाव दिलंस की येते. आपण पत्र्याचा सर्व्हे करतो, गावाचा नाही."

पुढचंही त्यांनीच समजावून सांगितलं. फाइल उद्या अकराला बंद होईल. बंद झाली की यंत्राची नोंद आपोआप पुसली जाते, तसा नियम आहे, आणि ती कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. चौगुलेने गॅरेजला आधीच सांगून ठेवलंय की जुनं बॉनेट उद्या भंगारात द्या. त्या धमकावत नव्हत्या, चहासुद्धा मागवला माझ्यासाठी. मी तो तसाच ठेवून निघाले.

परतीच्या एसटीत मी हिशेब मांडून पाहिला. बॉनेट आहे तोवर कुणीही नव्याने कान लावून तेच पुन्हा वाचू शकतं. बॉनेट गेलं की मगदूमबाई कायमच्या अज्ञात. आणि वाचलं गेलं तर घाव कुणाचे, हा प्रश्न येणारच. पुरावा नाहीसा केल्याचा गुन्हा लागतो त्याला. वडील सत्तरीला टेकलेले. मी त्यांची मुलगी, ओळखून गप्प राहिले म्हणून माझं लायसन जाईल. ते तीन ठोके आप्पांचे आहेत हे जगात एकटी मी ओळखू शकत होते. ठोक्यांबद्दल न सांगता मी बॉनेट तेवढं पोलिसांना दिलं तर? 'दुरुस्ती करणारा अज्ञात.' दोन शब्दच तर लिहायचे. बाईंच्या कागदावर कुणीतरी लिहिले होते तसेच.

आप्पा दुकानाच्या दारात स्टुलावर बसले होते. ऊन उतरलं होतं. मी चप्पलही न काढता विचारलं, मार्चमध्ये चौगुलेच्या पिकअपचं बॉनेट तुम्ही केलं का. त्यांनी मान हलवली. वासरू म्हणाला असेल ना तो, मी विचारलं. विचारलं कसलं, मी त्यांना उत्तर सांगत होते.

"वासरूच म्हणाला हुता."

"मग झालं तर. तुम्हाला माहीत नव्हतं. सलाम आहे त्यात."

आप्पा उठले. आत जाऊन वॉशरचा डबा घेऊन आले आणि झाकण काढून माझ्यासमोर धरला. वॉशरांच्या वर कागदाची पुडी होती. तिच्यात बोटभर लांबीचा लोकरीचा धागा होता, तपकिरी.

"जाळी काढली तवा घावला. आदल्या दिशी सांच्याला बाईंचं कळलंच हुतं," ते म्हणाले. "मला ठावं हुतं, मयू. हातोडा उचलायच्या आधी ठावं हुतं."

मला आयुष्यात त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. त्या बाईंनी तुमच्या पोरीला शिकवलं, मी म्हटलं, आणि तुम्ही त्यांच्या अंगावरचा धागा डब्यात टाकून पत्रा सरळ करत बसलात. ते काही नाकारत नव्हते. शेड चौगुलेची होती, चौगुले दारात बसून होता, आणि त्यांना भीती वाटली, एवढंच त्यांनी सांगितलं. भ्यालो, असा शब्द वापरला त्यांनी, तो मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"मग सलाम का केलात? चोरीच्या कामाला करत नाही ना तुम्ही?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"दसऱ्याला तूच दावलंस न्हवं, ते यंत्र समदं ऐकतंय. घाव कुणाचं बी असत्यात, गोल ठोकणारी धा माणसं हायती. सलाम माझ्याबिगार कुणी करत न्हाई. चौगुल्याची गाडी कुठं ना कुठं ठोकणारच. कवा ना कवा तुझ्या हाताखाली येईल म्हटलं." ते थांबले. "तोंडानं सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हणून पत्र्यावर सांगून ठिवलं."

चार महिने हा माणूस माझ्यासमोर जेवत होता. चार महिने मी संध्याकाळी घरी आले की विचारायचा, आज कुणाची गाडी बघितलीस. मला वाटायचं, म्हातारपणी वेळ जात नाही म्हणून विचारतात.

आम्ही घरी आलो. जेवण वाढलं, आम्ही जेवलो. मी त्यांना क्षमा केली होती असं नाही. आणि त्यांना पोलिसांत द्यायची माझी हिंमत होती असंही नाही. बॉनेट सकाळी उचलायचं आणि ठोक्यांबद्दल तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. झोप लागली नाही एवढं सांगितलं तरी पुरे.

सकाळी उठले तर आप्पा घरात नव्हते. दुकानालाही कुलूप. नऊला गॅरेजवर पोचले तर पिकअप उभी होती आणि तिच्या तोंडावर बॉनेट नव्हतं. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, भंगारवाला अजून यायचाय, बॉनेट तुमचे आप्पा घेऊन गेले. उघडल्या उघडल्या हातगाडी घेऊन आले होते. माझं जुनं काम आहे, भंगारात जाण्यापेक्षा मला दे, म्हणाले. मिस्त्री लहानपणापासून आप्पांना मान देणारा, तो नाही कसा म्हणणार.

दुकान बंद, घर बंद. मला एकदम दुसरंच वाटलं. बॉनेट भट्टीत वितळवायला नेलं. शेवटी भ्यालेच. मी गाडी वळवली आणि गावभर शोधत सुटले. तासाभराने पोलीस ठाण्यावरून जाताना हातगाडी दिसली.

आत बाकावर आप्पा बसले होते, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. शेजारी भिंतीला बॉनेट टेकवून ठेवलेलं. ड्युटीवरचा हवालदार सांगून दमला होता की साहेब आल्याशिवाय काही लिहिता येत नाही, आणि आप्पा त्याला सांगून दमले नव्हते की लिहिल्याशिवाय मी उठत नाही. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा माल उचलला आणि तो घेऊन थेट पोलिसांत येऊन बसला. पंधरा मिनिटं मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

साडेदहाला फौजदार आले. तरुण होते, नाव गुरव, नव्यानेच बदली होऊन आलेले. त्यांनी दोन पंच बोलावले आणि बॉनेट टेबलावर घ्यायला लावलं. मी पिशवीतून कान काढला. फाइल बंद व्हायला अजून अर्धा तास होता, तोवर यंत्र माझ्या अधिकारात होतं. फोन वाजला, करंदीकर मॅडमचा. मी तो उलटा करून ठेवला.

ट्रॉलीचा थर वाचला आणि समजावून सांगितला. खालचा मऊ फटका वाचला. एक पंच मगदूमबाईंचा विद्यार्थी निघाला, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग हातोड्याचे घाव उमटले, गोल गोल आत जाणारे, आणि डाव्या कोपऱ्यात हलके तीन.

गुरवांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे तीन काय? फटका नाही वाटत."

"दुरुस्ती करणाऱ्याने शेवटी दिलेले ठोके आहेत," मी म्हटलं.

"तो कोण, हे यंत्र सांगतं?"

"नाही. यंत्राला नाव सांगता येत नाही."

हे खरं होतं. इथे थांबले असते तरी एक अक्षरही खोटं झालं नसतं. आप्पा बाकावरून उठायला लागले, गुडघ्यावर हात ठेवून, त्यांना वेळ लागतो. ते स्वतः सांगणार होते. त्याचसाठी आले होते. आणि मला जाणवलं की त्यांनी सांगितलं तर तो त्यांचा कबुलीजबाब होईल, आणि मी मात्र गप्प राहिलेलीच उरेन. चार महिने त्यांनी माझ्या एका वाक्याची वाट बघितली होती.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"यंत्राला सांगता येत नाही, मला येतं," मी गुरवांना म्हटलं. "लिहून घ्या. जोतीराम धोंडी लोहार, डेंटर. मी त्यांची मुलगी. हा हात मी ओळखते."

गुरव एकदा माझ्याकडे, एकदा आप्पांकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले. आप्पांनी खिशातून ती पुडी काढली आणि बॉनेटवर, डाव्या कोपऱ्यात ठेवली.